एकशे एकेचाळीस

कुंडईचं पठार, शेड नंबर अकरा.
थर्मासमधला चहा कोमट,
आणि पडद्यावर चंदेरी पट्टी, दहा कप्प्यांची,
तापावरच्या गोळ्या, अजून झाकण न बसलेल्या.
सातवी मी चिमट्याने उचलून घेतली आहे
मुद्दाम.

कॅमेरा म्हणतो: दहा.

पुन्हा फिरवते पट्टी. दहा.
रिकाम्या कप्प्याचं अ‍ॅल्युमिनियम
गोळीपेक्षा गोरं चमकतंय
आणि कॅमेऱ्याला ते पटतंय.

त्याला मी दोनच शब्द शिकवायचे आहेत,
पांढरं, काळं.
खरं तर त्याला राखाडी दिसतात दोनशे छप्पन्न:
ओहोटीनंतर खाजनात उघडा पडणारा चिखल,
तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पाठ,
सत्यवती वेळीपच्या कानामागचे केस.
एवढं सगळं त्याच्याकडून काढून घ्यायचं
आणि हातात एक आकडा द्यायचा.
याच्या वर ते भरलेलं,
खाली ते रिकामं.

कायतान म्हणतो, सोपं आहे,
हिस्टोग्राम उघड, दोन डोंगर दिसतील,
मधल्या दरीत खुंटी ठोक आणि घरी जा.
पण आज दरीच नाही.
गोळी आणि चमक
एकाच डोंगरावर दाटीवाटीने बसल्यात.

एकशेवीसवर सगळं भरलेलं.
एकशेसाठवर चांगल्या गोळ्यांच्या कडा कुरतडल्या जातात,
हवेचा झोत फुस्स करतो,
धडधाकट पट्ट्या लाल पेटीत.
एकशे अठ्ठ्याण्णववर गोळ्या गेल्या,
उरली नुसती चमक.
कायतान पेटी बघतो, घड्याळ बघतो,
बोलत नाही.

सत्यवती एकोणीस वर्षं या पट्ट्याच्या कडेला बसली.
डोळ्यांनी मोजायची. मोजायची असंही नाही,
नसलेलं तिला टोचायचं.
सोमवारपासून ती खोकी भरायला जाणार आहे.
माझ्या खांद्यावरून बघत ती म्हणाली,
"उजवाड वांकडो धर गो, बाय."

आणि बोटांत पट्टी धरून
तिने ती जराशी कलती केली,
बाजारात बांगड्याचा डोळा बघताना
कलता करतात तशी.
चमक घसरून गेली.
सातवा कप्पा
विहिरीएवढा काळा.

मी वरची दिव्यांची कडी बंद केली,
दोन दिवे पट्ट्याच्या अगदी जवळ, आडवे लावले.
पत्र्याने उजेड भलतीकडे फेकला,
गोळीने सगळीकडे सांडला,
थोडा कॅमेऱ्यालाही मिळाला.
कप्प्याच्या कडेला केसाएवढी रेघ उरली,
तिला म्हटलं, एवढीशी आहेस, तुला नाही धरत.
पडद्यावर हळूच दोन डोंगर झाले.
एकशे एकेचाळीस.
कॅमेरा म्हणाला: नऊ.

"कितें म्हणटात ह्या आंकड्याक?"
मी म्हटलं, उंबरठा.
ती हसली. "हुंबऱ्यार बसूंक जायना न्हय?
मगे बरोबर एकशे एकेचाळीस आशिल्लो
खंय वता?"

मी मॅन्युअल उघडलं.
मोठा किंवा समान, असं चिन्ह आहे.
समान असेल तर आत.
कोणी ठरवलं, लिहिलेलं नाही.

साडेपाचला वहीत आकडा लिहिला, सही केली,
खाली कायतानची सही.
दिवे वाकडे धरायला कोणी सांगितलं
त्यासाठी वहीत रकाना नाही.
हिशेबात एक गोळी कमी भरत होती,
कारण म्हणून मी "चाचणी" लिहिलं.

फोंड्याच्या बसमध्ये मार्दोळपाशी
सुट्टे शोधताना ती सापडली,
शर्टाच्या खिशात, रुमालाच्या घडीत.
कड झडलेली, खिशातली लव चिकटलेली.
खिडकीशी धरली.
तोवर उजाडलं नव्हतं
आणि रात्रही म्हणता आली नसती.
बराच वेळ मला
तिचा रंग सांगता येईना.